पाटीवर दोन देश

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये ब्रॅडफर्ड नावाचं शहर आहे. एके काळी जगभरची लोकर इथल्या गिरण्यांत येऊन पडायची आणि कापड होऊन बाहेर जायची. आता धुराडी उरली आहेत. लिस्टर्स मिलसारख्या अवाढव्य गिरणीत सदनिका झाल्या आहेत. शहराचं नाव देशभर घेतलं जातं ते मुख्यतः जेवणासाठी. २०११ ते २०१६ अशी सलग सहा वर्षं 'ब्रिटनची करी राजधानी' हा मान या शहराने मिळवला. पण मानाचं सोडा. गावातून नुसता एक फेरफटका मारला तरी डोळ्यांत भरतात त्या पाट्या. उतारावरच्या दगडी चाळवजा घरांच्या खाली, टॅक्सीच्या कचेरीशेजारी, बंद पडलेल्या पबच्या जागेत, सगळीकडे करीची हॉटेलं आणि त्यांवर जवळजवळ ठरलेली ओळ : 'पाकिस्तानी अँड इंडियन क्युझीन'. कुठे पाकिस्तान आधी, कुठे इंडिया आधी, मधला 'अँड' मात्र कायम.

हे पुस्तक या हॉटेलांबद्दल आहे. नामांकित शेफच्या, महिनाभर आधी टेबल राखून ठेवावं लागणाऱ्या ठिकाणांबद्दल नाही. ज्या हॉटेलात आसपासच्या चार गल्ल्यांतली माणसं घरच्या कपड्यांवर जाऊन बसतात, जिथे वेटरला कोणाला काय लागतं ते पाठ असतं, अशा हॉटेलांबद्दल.

भारतातून नव्याने आलेल्या माणसाची अशा ठिकाणी पहिली प्रतिक्रिया मला आता तोंडपाठ झाली आहे. पहिले दोन घास खाऊन होतात, मग तो मेनूकार्ड उलटंपालटं करतो आणि म्हणतो, "हे काही खरं इंडियन नाही." पाकिस्तानातून आलेला पाहुणाही तेच म्हणतो, फक्त लाहोरचा दाखला देतो. या पुस्तकात मला जे सांगायचं आहे त्याची सुरुवात इथूनच होते. ही हॉटेलं कुठल्या देशाची चव परदेशात दाखवायला निघालीच नव्हती. ती निघाली रात्रपाळीच्या गिरणी कामगारांचं पोट भरायला. त्यांना दिल्लीच्या किंवा लाहोरच्या फूटपट्टीने मोजणं अन्याय आहे. ज्यांनी शिजवलं, ज्यांच्यासाठी शिजवलं आणि ज्या परिस्थितीत शिजवलं, ते समजून घेऊनच या ताटाला न्याय देता येतो.

त्यासाठी जरा लांब, झेलम नदीच्या काठी जावं लागेल.

फाळणीत पंजाबच्या नद्या आणि कालवे दोन देशांत वाटले गेले. पाण्यावरून तंटा सुरू झाला. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९६० साली सिंधू पाणीवाटपाचा करार झाला. पूर्वेकडच्या नद्या भारताकडे गेल्या, पश्चिमेकडच्या पाकिस्तानकडे. पश्चिमेचं पाणी अडवून पूर्वेला वळवायचं तर मोठी धरणं हवीत, म्हणून झेलमवर मंगला धरण उभं राहिलं. १९६१ मध्ये काम सुरू झालं, १९६७ मध्ये पुरं झालं. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधलं जुनं मिरपूर शहर, डडियाल आणि आजूबाजूची गावं पाण्याखाली गेली. लाखाहून अधिक माणसं उठली. कोयनेच्या धरणग्रस्तांची कहाणी ज्याने ऐकली आहे, त्याला पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही. पाणी ओसरलं की आजही जुन्या मिरपूरचे दर्गे आणि फाळणीआधीची देवळं वर येतात, आणि विलायतेत स्थायिक झालेली कुटुंबं मुलाबाळांना घेऊन ती पाहायला जातात.

मिरपूरची काही माणसं धरणाच्या आधीपासूनच ब्रिटिश जहाजांवर आगवाल्याचं काम करत होती. त्यांतली काही इंग्लंडच्या बंदरांत उतरून राहिलीही होती. धरणाने घर गेलं तेव्हा नुकसानभरपाईचा पैसा हातात आला, ओळखीचा माणूस तिकडे होताच, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना माणसं हवी होती. युद्धानंतर यॉर्कशायरच्या गिरण्यांनी नवी यंत्रं घेतली होती. घातलेला पैसा वसूल व्हायचा तर ती चोवीस तास चालायला हवीत, आणि रात्रपाळीला स्थानिक माणूस तयार नव्हता. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर बंधनं आली. दार बंद होण्याआधी आत शिरावं म्हणून आणखी माणसं आली. लोकर विंचरण्याच्या खात्यांत तर अशी अवस्था झाली की रात्रपाळी म्हणजे पाकिस्तानीच. उष्ण, दमट, कान बधिर करणारं काम. बारा-बारा तास.

ही सगळी एकटी पुरुषमंडळी होती. एका घरात दहा-पंधरा जण राहायचे. रात्रपाळीचा उठून गेला की दिवसपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा. स्वयंपाक हा मोठाच प्रश्न होता, कारण यातल्या बहुतेकांनी गावी चूलही पेटवली नव्हती. हलाल मटण सहज मिळत नसे, म्हणून शेतावरून जिवंत कोंबड्या आणून कापायच्या. कोथिंबीर, हिरवी मिरची म्हणजे दुर्मीळ चीज. घरात ज्याच्या हाताला जरा चव असेल त्याच्यावर सगळ्यांच्या जेवणाची जबाबदारी यायची. अशाच एखाद्या चवदार हाताने पुढे दुकानाचा गाळा घेतला, चार टेबलं टाकली आणि पातेलं चढवलं.

लालबाग-परळच्या खानावळींची आठवण मराठी वाचकाला इथे आल्यावाचून राहणार नाही. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गाळ्यांत पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याचे पैसे भरून खानावळीत जेवायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ब्रॅडफर्डमध्ये ही पातेली पुरुषांच्या हाती होती, एवढा फरक. बाकी भोंगा, पाळी, पगाराचा दिवस आणि घरी पाठवायची मनीऑर्डर, सगळं तेच. गिरणगावाला स्वतःची खानावळ लागतेच, मग ते गिरणगाव अरबी समुद्राकाठी असो की पेनाइन डोंगरांच्या कुशीत.

मॉर्ली स्ट्रीटवरचं 'कश्मीर' हे शहरातलं सगळ्यांत जुनं करी हॉटेल मानलं जातं. १९५८ पासून आपण चालू आहोत असं ते सांगतं. लम लेनवरचं 'स्वीट सेंटर' साठच्या दशकातलं. त्याच सुमाराचं 'कराची'. 'मुमताज' सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि आता ते एखाद्या मंगल कार्यालयाएवढं मोठं झालं आहे. यांची सविस्तर माहिती पुढे त्या-त्या प्रकरणात आहे. इथे सांगायची ती या जुन्या हॉटेलांची रीत. फॉर्मायकाची टेबलं. टेबलावर आधीपासून ठेवलेला पाण्याचा जग आणि स्टीलचे किंवा काचेचे पेले. काटे-चमचे मागितले तर मिळत, न मागता नाहीत, कारण सगळे हातानेच जेवायचे. आणि करीबरोबर तीन चपात्या फुकट. या तीन चपात्या म्हणजे ब्रॅडफर्डची ओळख. लंडनच्या करी हॉटेलात भाताचे पैसे वेगळे, नानचे वेगळे, पापडाचेसुद्धा वेगळे. इथे मात्र मटण-पालक मागवलं की चपात्या त्यातच आल्या. कामगाराला करी ही चपातीला लावून खायची वस्तू, नुसती करी विकणं त्याच्या दृष्टीने अर्धवट जेवण विकण्यासारखं. आजही काही ठिकाणी ही पद्धत पाळली जाते आणि मला ती या शहराच्या सगळ्या मानपत्रांहून मोलाची वाटते.

पाटीवर 'कश्मीर' असलं तरी आत श्रीनगरचं वाझवान, म्हणजे तिथली पारंपरिक मेजवानी, मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मिरपूर हे खोऱ्यातलं नव्हे. ते पंजाबच्या मैदानाला चिकटलेलं, तिथली बोली पहाडी-पोठवारी आणि खाणंही त्याच वळणाचं. गव्हाची चपाती, डाळ, हरभरे, साग, खिमा, हाडासकट मटण. मसाला मोजका : कांदा, लसूण, आलं, टोमॅटो, हळद, तिखट, जिरे-धणे आणि शेवटी गरम मसाल्याची चिमूट. नारळ नाही, काजूची पेस्ट नाही, साय नाही. आपल्या देशावरच्या घरात मटणाचा रस्सा जितक्या साधेपणाने होतो, तितक्याच साधेपणाने हे होतं.

एका जुन्या हॉटेलच्या भटारखान्यात मला सकाळी उभं राहू दिलं, त्याचं वर्णन करते. दहा वाजले असतील. मोठ्या पातेल्यात कांदा तेलात पडून बराच वेळ झाला होता. आचारी साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. कांदा खरपूस तांबूस झाल्याशिवाय त्यांनी दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. मग आलं-लसूण, मग टोमॅटो, मग मसाला. आणि मग सुरू झाली भुनाई. तळाला लागू लागलं की पेलाभर पाणी, ते आटलं की पुन्हा परतणं, पुन्हा लागू लागलं की पुन्हा पाणी. उलथनं एका लयीत तळ खरवडत होतं. मटणाचे तुकडे त्यात पडले ते हाडासकट, नळीसकट. "बेटा, पानी से नहीं पकता, भूनने से पकता है," चाचा म्हणाले आणि पातेल्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे मसाल्यापासून तेल सुटून तांबडी किनार धरू लागलं होतं. झाकण पडलं, आच मंदावली. हे पातेलं दुपारपर्यंत शिजणार, आणि संपलं की त्या दिवशीचं मटण संपलं. पाटी बदलली, टेबलं बदलली, गिरण्या गेल्या, पण दिवसाला एक पातेलं हा हिशेब त्या घरात अजून बदललेला नाही.

संध्याकाळी त्याच भटारखान्याचं रूप पालटतं. आता कढईचा जोर. पातळ पत्र्याची कढई, खाली भडकलेला गॅस, टोमॅटो फुटून त्यांचा लगदा होतोय, कोंबडीचे तुकडे त्यात उडतायत, वरून आल्याच्या काड्या, उभ्या चिरलेल्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. कढई तशीच्या तशी, चरचरत टेबलावर. जुन्या वळणाच्या ठिकाणी ती वजनावर मागवायची असते, अर्धा किलो किंवा एक किलो, आणि चौघांनी एकाच कढईत जेवायचं असतं. शेजारी तंदूरमधून लांबलचक नान निघतात. काही हॉटेलांत ते टेबलावरच्या उंच आकड्याला टांगून देतात आणि मुलं टाळ्या पिटतात.

आता पाटीवरच्या दुसऱ्या नावाकडे येऊ. मालक मिरपूरचा, आचारी मिरपूरचा, गिऱ्हाईक बरंचसं मिरपूरचं, मग 'इंडियन' कशासाठी?

त्याचं कारण ब्रिटनमधल्या करीच्या दुसऱ्या प्रवाहात आहे. या देशात भारतीय जेवणाचं हॉटेल ही कल्पना फार जुनी. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. चव चांगली असूनही धंदा चालला नाही आणि १८१२ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. रीजंट स्ट्रीटवरचं 'वीरास्वामी' १९२६ चं आणि ते साहेबी थाटाचं. पण देशभर गावोगाव करी नेली ती सिल्हेटच्या माणसांनी, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्यांनी. जहाजांवरून उतरलेल्या या खलाशांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी युद्धानंतर मोडकळीला आलेले कॅफे, मासे-चिप्सची दुकानं विकत घेतली, चिप्स चालू ठेवल्या आणि शेजारी करी मांडली. ते आले तेव्हा सिल्हेट हिंदुस्थानात होतं, मग पूर्व पाकिस्तानात गेलं, १९७१ नंतर बांगलादेशात आलं. हॉटेलची पाटी तेवढी 'इंडियन' राहिली. गोऱ्या गिऱ्हाइकाला तेवढंच नाव ठाऊक होतं आणि पाटी रंगवायला पैसे पडतात.

या हॉटेलांनी एक तंत्र बसवलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. कांदा, आलं, लसूण, थोडं गाजर-टोमॅटो तासन्‌तास उकडून, वाटून एक मूळ रस्सा करून ठेवायचा. मटण-कोंबडी आधीच शिजवलेली. ऑर्डर आली की कढल्यात तेल, मसाला, एक-दोन पळ्या रस्सा, आणि पाच-सात मिनिटांत हवी ती करी तयार. साय घातली की कोर्मा, तिखट वाढवलं की मद्रास, आणखी वाढवलं की विंदालू. एका स्वयंपाकघरातून चाळीस पदार्थ काढायची ही युक्ती शिकलेल्या आचाऱ्यांची नव्हे, गरजेतून शहाणी झालेल्या माणसांची आहे. त्या कार्डावर आपल्याकडची ओळखीची नावं भेटतात तेव्हा जरा थबकायला होतं. गोव्यातलं विंदालू म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि काश्मिरी मिरचीत मुरलेलं डुकराचं मांस, पोर्तुगिजांच्या स्वयंपाकाशी नातं सांगणारं. इथे ते कोंबडीचं किंवा मटणाचं, बटाटा घातलेलं आणि जीभ पोळणारं. पारशी घरातलं रविवारचं धनसाक इथे आंबटगोड डाळीची करी होतं, कधी अननसासकट. आणि 'बॉम्बे आलू' नावाची जी हळदीची बटाटाभाजी येते, ती मुंबईत त्या नावाने कोणी ओळखणार नाही, चवीने मात्र ओळखेल. या बदलांवर मी नाक मुरडणार नाही. विंदालू गोव्याच्या हॉटेलवाल्याने बदललं नाही. ज्याने कधी गोवा पाहिलं नव्हतं अशा सिल्हेटी माणसाने, ज्याने कधी मिरची खाल्ली नव्हती अशा इंग्रजासाठी ते नव्याने रचलं. त्या दोघांची गाठ पडली याचा तो पुरावा आहे.

मिरपूरच्या खानावळींना गोरं गिऱ्हाईक मिळू लागलं, विद्यार्थी येऊ लागले, तेव्हा त्यांनी हे छापील कार्ड आपल्या पातेल्यांशेजारी आणून ठेवलं. तिथून 'पाकिस्तानी अँड इंडियन' सुरू झालं. म्हणून अशा हॉटेलचं कार्ड नीट वाचावं. एका पानावर कोर्मा, मद्रास, विंदालू. दुसऱ्या पानावर, बहुधा शेवटी, 'देसी' अशा मथळ्याखाली हाडासकट मटण, खिमा-कारली, पाये, निहारी, माश म्हणजे उडदाची डाळ. पहिलं पान शेजाऱ्यासाठी, दुसरं घरच्यांसाठी. आता मौज अशी की ब्रॅडफर्डची गोरी गिऱ्हाइकं दुसऱ्या पानावर येऊन बसली आहेत आणि मिरपुरी घरांतली तिसऱ्या पिढीची मुलं हौसेने चिकन टिक्का मसाला मागवतात.

चिकन टिक्का मसाल्याचा उल्लेख आला आहे तर त्याचं थोडक्यात. ग्लासगोच्या 'शीश महल'चे मालक अली अहमद अस्लम यांनी तो आपल्याकडे सुरू झाल्याचा दावा केला होता. गिऱ्हाइकाला टिक्का कोरडा लागला म्हणून टोमॅटोचा रस्सा करून दिला, अशी त्यांची हकिगत. २०२२ मध्ये ते वारले तेव्हा ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी मोठे मृत्युलेख छापले. बर्मिंगहॅमची 'बाल्टी' ही तशीच शहराची स्वतःची निर्मिती, सत्तरच्या दशकातली : दाबून घडवलेल्या पातळ पोलादी भांड्यात मोठ्या आचेवर झटपट शिजवायचं आणि त्याच भांड्यात वाढायचं. लेडीपूल रोड आणि स्टोनी लेनच्या परिसरात पूर्वी ओळीने बाल्टी हॉटेलं होती, आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

एप्रिल २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं. भाषण गाजलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रॅडफर्ड पेटलं. मॅनिंगहॅम भागात दंगल झाली, तीनशेहून अधिक पोलीस जखमी झाले, दुकानं जळाली. हे दोन प्रसंग तीन महिन्यांच्या आत घडले, आणि करीचं कौतुक करताना मला दुसरा विसरता येत नाही. एकमेकांच्या हातचं खाल्लं की माणसं जवळ येतात असं आपण सहज म्हणून जातो. ब्रॅडफर्डने दाखवलं की त्याच हातचं वर्षानुवर्षं खाऊनही शाळा वेगळ्या राहू शकतात, मोहल्ले वेगळे राहू शकतात. शुक्रवारी रात्री पब बंद झाल्यावर झिंगून आलेल्या टोळक्यांनी वेटरांना काय काय ऐकवलं, हे ज्यांनी सोसलं त्यांच्याच तोंडून या पुस्तकात आलं आहे. पैसे न देता पळणं, नावं ठेवणं, ताट भिरकावणं. १९९८ मध्ये बीबीसीवरच्या 'गुडनेस ग्रेशस मी' या कार्यक्रमाने हेच उलटं करून दाखवलं. भारतीयांचं टोळकं इंग्रजी हॉटेलात जाऊन गोऱ्या वेटरला छळतं. देश पोट धरून हसला. वेटर मंडळी मात्र सांगतात, आम्ही हसलो खरं, पण आमच्या ओळखीची गोष्ट होती.

आणि तरीही टेबलावर काहीतरी घडतं. ते भाषणात मावत नाही, पण खोटंही नाही. बायको गेलेला एक म्हातारा यॉर्कशायरी गृहस्थ दर बुधवारी येतो, त्याची डाळ-चपाती न सांगता येते, आणि एखाद्या बुधवारी तो आला नाही तर मालक त्याच्या घरी मुलाला पाठवतो. शेजारचं हॉटेल या शब्दांत मला जे अभिप्रेत आहे ते हे.

मराठी माणसाचं या हॉटेलांशी नातं अलीकडचं. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण लीड्स-ब्रॅडफर्ड पट्ट्यात मराठी मंडळी मुख्यतः शिकायला, दवाखान्यांत आणि संगणकाच्या नोकऱ्यांत आली. त्याआधीचा एक मराठी मुलगा मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे. १९९२ च्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशायरकडून खेळला आणि इथून जवळच्या ड्यूझबरीत राहिला. पाकिस्तानी आणि गुजराती मुसलमानांची वस्ती असलेलं ते गाव. त्या परिसरातल्या वयस्क हॉटेलवाल्यांना मी मुंबईची आहे म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न सचिनबद्दल असतो, दुसरा पावसाबद्दल.

पहिल्यांदा येणाऱ्या मराठी कुटुंबाची धाकधूक मी पुष्कळदा पाहिली आहे. मुलगा नोकरीला इथे, पुण्याहून आई-वडील आलेले. आई शाकाहारी. पाटीवर पाकिस्तान वाचून वडील दारातच थांबतात. आत गेल्यावर आई हळूच मुलाला सांगते, विचार रे, तेल वेगळं आहे का. मालक ते ऐकतो. तो पुढे येतो आणि हात जोडून नव्हे, छातीवर हात ठेवून म्हणतो, "आंटीजी, आप फिक्र न करें, दाल और भिंडी का बर्तन अलग है." मग तो आईलाच विचारतो, भेंडी कशी आवडते, कांदा चालतो का. तडका डाळ येते, भेंडी येते, गरम चपाती येते. वडील चहा घेताना विचारतात, गाव कोणतं. तो मिरपूर म्हणतो, मग धरणाचं सांगतो. दोघांनाही बोलायला हिंदी-उर्दू पुरते. असा प्रसंग भारतात किंवा पाकिस्तानात बसून घडायला व्हिसा लागतो, आणि तो मिळत नाही. इथे तो भेंडीच्या भाजीवर घडतो. सामन्याच्या रात्री तर पडद्यासमोर अर्धं हॉटेल या बाजूला, अर्धं त्या बाजूला आणि सीख कबाब मात्र सगळ्या टेबलांवर. जोवर हे चालू आहे तोवर त्याची नोंद व्हावी, या तळमळीनेच मी लिहायला बसले.

कारण हे किती दिवस चालू राहील याची मला काळजी आहे. पहिल्या पिढीने पातेली सांभाळली ती मुलांना ती सांभाळावी लागू नयेत म्हणून. मुलं फार्मासिस्ट झाली, वकील झाली, आणि त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. पण मग भुनाईला उभं राहायचं कोणी? बाहेरून आचारी आणायचे तर व्हिसाच्या अटी छोट्या हॉटेलाला झेपत नाहीत. २०२२ मध्ये गॅस आणि विजेची बिलं भडकली तेव्हा रात्रंदिवस तंदूर पेटता ठेवणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. ज्या रस्त्यांवर करी हॉटेलं होती तिथे आता आइस्क्रीम-वॅफलची चकचकीत दुकानं आली आहेत, आणि ती चालवणारी बहुतेक याच घरांतली तरुण मुलंमुली आहेत. उद्योगी आहेत, मला त्यांचं कौतुकच आहे. पण आजोबांचा कांदा किती तांबूस व्हायचा हे विचारलं तर सांगू शकणारी मुलं मला थोडीच भेटली. ब्रॅडफर्ड २०२५ मध्ये ब्रिटनचं सांस्कृतिक शहर झालं. या पातेल्यांना संस्कृती म्हणायला शहराला फार उशीर लागला, पण म्हटलं हे चांगलं झालं.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. सुरुवातीची प्रकरणं ब्रॅडफर्डची, मग बर्मिंगहॅम, ग्लासगो, मँचेस्टरचा विल्म्स्लो रोड आणि लंडनचा व्हाइटचॅपल भाग. माणसांची खरी नावं त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. पाककृती दिल्या आहेत, पण प्रमाणं चार माणसांची करून घेतली आहेत, कारण मूळ हिशेब शंभराचा होता. ज्या आचाऱ्यांनी मसाल्याचं प्रमाण सांगायला नकार दिला, त्यांचा नकार मी मान्य केला आहे.

इकडे येणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही, आणि काही ठिकाणी ती बाहेरून आणलेलीही चालत नाही, तेव्हा आधी विचारावं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काही हॉटेलं थोडा वेळ बंद असतात. रमझानमध्ये वेळा बदलतात, आणि इफ्तारच्या सुमारास टेबल मिळणं कठीण. रविवारी सकाळी हलवा-पुरी आणि छोले मिळणारी ठिकाणं वेगळ्या खुणेने दाखवली आहेत, तिथे उशिरा गेलात तर हलवा संपलेला असेल. दर दिलेले नाहीत, ते छपाईपर्यंत बदलतात. कार्ड हातात आलं की शेवटचं पान आधी उघडा, आणि तेही कळलं नाही तर आज पातेल्यात काय आहे एवढं विचारा.